नव्वद नंबरचं तेल

पिंप्राळा, जळगाव
२४ मार्च १९९६

प्रिय सुनंदा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तू तिकडे धुळ्यात गाल फुगवून बसली असशील, मला इथून दिसतंय. कॉलेजात एका खोलीत राहिलो तेव्हापासून तुझे फुगलेले गाल मी ओळखते. पुढे नणंद झालीस आणि फुगायचा हक्कच मिळाला तुला. तू विचारलं आहेस की अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आले की परत जाताना आईंना कायमचं धुळ्याला घेऊन जाऊ का. उत्तर देणार आहे. पण मधल्या काळात तुझ्या आईने इकडे काय करून ठेवलं ते आधी ऐक.

आपली गाडी संक्रांतीपासून रुसली होती. पाय दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जरा विचार करून मग निघायची, आणि गिअर बदलताना असा हिसका की मागच्या सीटवरच्या वह्या खाली. शिरसोलीच्या शाळेत पोचेपर्यंत माझा जीव मुठीत. माझ्या डाव्या पायाने क्लच दाबला जायचा नाही, पोलिओने तेवढी ताकद ठेवलीच नाही, म्हणून तर तुझ्या भावाने मस्कतहून परतलेल्या एका गृहस्थांच्या मागे लागून ही बिनक्लचची, आपोआप गिअर बदलणारी गाडी मिळवली. अशी दुसरी मी जळगावात पाहिलेली नाही, त्यामुळे तिचा वैद्यही इथे नाही. ते होते तोवर सगळं तेच बघायचे. आता एसटीची पायरी मला चढवत नाही, म्हणजे गाडी बंद तर नोकरी बंद, आणि नोकरी बंद तर तुझं म्हणणं खरं, की दोघी घरात अडकून पडाल. तू ते काळजीने लिहिलंस हे कळतं मला, तरी टोचलं.

तुझ्या यजमानांनी ओळखीचे मिस्त्री पाठवले त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांग. माणूस भला, चहाशिवाय काही घेतलं नाही. त्यांनी इंजिन बंद केलं, गिअरच्या तेलाची पट्टी ओढून पाहिली आणि म्हणाले, तेल भरपूर आहे पण पार पाण्यासारखं झालंय, सगळं काढा आणि नव्वद नंबर घाला. हायवेवरच्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरच जातं, ते कशाला चुकीचं सांगतील? एक डबाही ठेवून गेले. मी तर मोकळा श्वास घेतला आणि डबा उघडायला घेतला.

आईंनी माझा हात धरला. एक स्टीलची ताटली आणली, एका बाजूला डब्यातला थेंब टाकला, दुसऱ्या बाजूला पट्टीवरचा, आणि ताटली तिरकी केली. पट्टीवरचा थेंब सरळ खाली पळाला. नव्वद नंबर काकवीसारखं जागच्या जागी बसून राहिलं. "हाई आनि ते येक नही, कुंदा," आई म्हणाल्या. मग पट्टी नाकाशी नेली. "तेल जळी जायेल शे." लग्नघरात शेवटच्या घाण्यापर्यंत ओढलेल्या कढईतल्या तेलाचा वास असतो ना, तसाच वास होता, आणि रंग तपकिरी. तुझी आई गाडीत बसते तेव्हा अजून दाराची कडी शोधते, आणि तिनं हे ताटलीवर ओळखलं. मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटला.

मग आम्ही गाडीचं इंग्रजी पुस्तक काढलं. मी वाचायची, मराठीत सांगायची, आई प्रश्न विचारायच्या. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे तेल बघायचं ते गाडी फिरवून आणून, सपाट जागी, ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या घरांतून फिरवून, आणि इंजिन चालू ठेवून. इंजिन बंद केलं की आतलं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर उगाच जास्त दिसतं. तसं बघितलं तर काय, तेल खुणेच्या कितीतरी खाली. जळलेलंही होतं आणि कमीही होतं. मुंबईहून बरोबर नावाचं लाल तेल पार्सलने मागवलं. काचेच्या ग्लासात धरलं तर गुलाबाच्या सरबतासारखं दिसतं, शेजारचे तोताराम नाना तर चव घ्यायच्या बेतात होते.

आता प्रश्न असा, की जुनं तेल काढायला गाडीखाली जायचं कुणी? मी एकदा जमिनीवर आडवी झाले की मला उठवायला दोन माणसं लागतात. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कुणाला जाऊ दिलं नसतं. आई दाराशी उभ्या राहून नगरपालिकेने नळासाठी गल्लीत खोदलेल्या चारीकडे बघत होत्या. "दारसामने खोदेल शे ना," म्हणाल्या. नानांनी चारीच्या दोन्ही काठांवर जाड फळ्या टाकल्या, मी गाडी हळूहळू फळ्यांवर घेतली, चाकं दोन काठांना आणि मधे चारी. इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले, तेल कोमट होईपर्यंत थांबलो. आणि तुझी आई, सुनंदा, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, परात घेऊन चारीत उतरली. अख्खी गल्ली जमली. आतून आवाज आला, पाना दे. नानांना वाटलं खायचं पान मागतात.

काळं तेल परातीत पडलं, आईंनी ते दुधाच्या मापाने मोजलं. जेवढं निघालं तेवढं आणि वर थोडं, एवढंच नवं घालायचं, हा हिशेब त्यांचा. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की थोडं जुनं तेल आतच राहतं. मी हिरमुसले, तर आई म्हणाल्या, लोणच्याची बरणी काय एकदा विसळून साफ होते का? थोडे दिवस गाडी चालवायची, पुन्हा काढायचं, पुन्हा घालायचं. पण तेवढ्यात नगरपालिकेची माणसं चारी बुजवायला आली. आईंनी त्यांना ओट्यावर बसवून चहा पाजला, शेव वाढली, आणि आमच्या दारापुरती चारी शेवटी बुजवा म्हणून कबूल करून घेतलं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. पट्टी पुसायला धागे न सुटणारं कापड लागतं. मी शाळेचं डस्टर पुढे केलं. आई आत गेल्या आणि तुझ्या भावाचा मलमलचा सदरा घेऊन आल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील, मला अजून ते कपाट उघडवत नाही. आईंनी सदरा स्वतःच्या हाताने फाडला, चार तुकडे केले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, त्याची गाडी शे, त्यालेच पुसू दे. मला रडू आलं. त्यांनाही आलं, पण त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, कारण तेल गरम असतानाच पट्टी बघायची होती.

गेल्या रविवारी दुसऱ्यांदा तेल बदललं आणि ते पट्टीवरच्या दोन खुणांच्या बरोबर मधे आलं, लालभडक. आम्ही दोघी शिरसोलीपर्यंत जाऊन आलो. गिअर कधी बदलला कळलंसुद्धा नाही. आई शेजारी बसून ऐकत होत्या. मी आनंदाने काहीबाही बोलत होते, त्यांचा कान इंजिनाकडे होता.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. "आते गाडी चांगली व्हई गयी. आते माले धुळाले जावाले हरकत नही." म्हणजे तुझा निरोप त्यांना ठाऊक होता, आणि मी एकटी जाऊ-येऊ शकेन एवढं करून देण्यासाठीच त्या थांबल्या होत्या. आपलं ओझं माझ्यावर आहे असं त्यांना वाटतं, माझं ओझं त्यांच्यावर आहे असं मला वाटत होतं, आणि दोघी एकमेकींना काही न बोलता चारीत तेल काढत होतो. मी त्यांना थांबा म्हटलं तर त्यांना वाटेल पायामुळे म्हणते. म्हणून तुला लिहिते आहे. सुनंदा, तू एकदा आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांकडे तुझ्या भावासाठी माझी मागणी घातली होतीस, आणि त्यांनी एका शब्दात हो म्हटलं होतं. आज ना माझे वडील आहेत, ना तुझा भाऊ, ना आपल्यात मध्यस्थ कुणी. तुझ्या आईसाठी मी तुझ्याकडे मागणी घालते आहे. माझ्या सोयीसाठी नाही, मला त्या हव्या आहेत म्हणून. आखाजीला ये, झोका बांधून ठेवते, चार दिवस राहा. आणि नकार द्यायचा असेल तर तो मला दे, आईंना काही सांगू नकोस. ट्रंक अजून रिकामी आहे.

तुझीच,
कुंदा