व्योमनाथ बाई झाला तर

लालबाग,
जुलै १९८४

प्रिय उत्तमदादा,

पत्र पाहून तुला वाटेल, मंजीला आज कुठून आठवण झाली! पण गेले आठ दिवस इथे तुझ्यावरून जी भांडणं चालली आहेत, ती तुला कळवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. खरं म्हणजे तुझ्यावरून नाही, व्योमनाथावरून. पण या चाळीत दोघांत फरक करतंय कोण? परवा नळावर गंगुबाई मला म्हणाली, "तुझ्या भावाची बाई करतत म्हणे!" मी म्हटलं, गंगुबाई, माझा भाऊ गावाला मिशीसकट सुखरूप आहे, तुम्ही हंडा सरकवा.

तर झालं असं. यंदा गणपतीत नाटक करायचंच, असं शरच्चंद्र मास्तरांनी मनावर घेतलं. गिरण्यांचा संप झाला आणि तू गावी गेलास, तेव्हापासून मंडपात नुसती भजनं चालली आहेत. व्योमनाथाशिवाय गणपती म्हणजे नारळाशिवाय कालवण, असं पोरंसुद्धा म्हणायला लागली. ज्यांनी तुला पाहिलं नाही अशी बारकी पोरंही जिन्यात व्योमनाथ खेळतात. कुणीतरी सन तीन हजारातून येतो, तीन ग्रह वाचवतो, आणि शेवटी यानात चढताना वळून म्हणतो, "येतो!" निघताना जातो म्हणायचं नाही, ही आपली रीत मास्तरांनी पार अंतराळात नेऊन ठेवली आहे. तू ते म्हणायचास तेव्हा बायका पदराने डोळे पुसायच्या. मी विंगेत प्रॉम्प्टिंगचं बाड घेऊन उभी असायचे, आणि मला मेलीला दर वर्षी पुढची ओळ दिसेनाशी व्हायची.

मास्तरांनी नवीन नाटक लिहिलं ते व्यायामशाळेत सभा घेऊन वाचून दाखवलं. व्योमनाथाचं यान दोन सूर्यांच्या मधून जातं, दार उघडतं, आणि आतून बाहेर येते बाई. आठवणी त्याच, हट्ट तोच, अंगावर तोच चंदेरी अंगरखा. मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, संवाद हिला पाठ आहेत, हीच व्योमनाथ. दादा, मला आधी काही कळलंच नाही. मग जे कळलं ते असं, की हे मला हवं होतं. कधीपासून, ते देव जाणे.

त्यानंतर जो गोंधळ झाला, तो तू असतास तर पोट धरून हसला असतास. बुधाजीकाका उठले. "व्योमनाथ म्हणजे बाप्यामाणूस. बाई कशी ग्रह वाचवतली?" आता सांग, ज्या माणसाने गावच्या दशावतारात सात वर्षं लुगडं नेसून राणी केली, ज्याच्या लाजण्याची अजून वाखाणणी होते, त्याने हे बोलावं! मी तसं म्हटल्यावर ते आणखी चिडले. म्हणाले, मी लुगडं नेसलंय, पण राणीचो राजा नाय केलंय. या बोलण्याला काहीतरी अर्थ आहे, हे मला मान्य करावं लागलं. शिवाचं म्हणणं निराळं. तो बिचारा रडकुंडीलाच आला होता. "मंजूताई, तू कर ना दुसरं कायपन. नवीन हिरॉईन काढा, चंद्रमुखी वगैरे. पण हा माझा हिरो आहे यार, ह्याला हात नको लावू." त्याच्या बापाला मिलने घरी बसवल्यापासून तो पोरगा तुझ्या जुन्या फोटोशी बोलतो, असं त्याची आई सांगते.

मग तडजोडी निघाल्या. एक म्हणाला, मंजूला मिशी लावा. म्हणजे नाटक होईल आणि व्योमनाथही पुरुष राहील. मी म्हटलं, मिशी लावणार नाही. मास्तरांनी व्योमनाथ बाई झाला असं लिहिलंय, बाईने व्योमनाथाचं सोंग आणलं असं नाही. मग शेवटच्या शब्दावर गाडी अडली. बाई म्हणणार "येते". पण लोकांच्या कानात बसलंय "येतो". अर्धा तास त्या एका कान्यावर भांडण चाललं होतं, विश्वास ठेव. शेवटी खानावळवाल्या राधाबाई मागून ओरडल्या, "अरे, आमच्या गावाक बाई काय नि बापयो काय, दोगवय येतंय म्हणतत! तसा म्हणा नि गप ऱ्हवा!" सगळे हसले. मास्तरांनी ते खरोखरच बाडात लिहून घेतलं.

मग तुझ्या आधीचे व्योमनाथ, कुशाबामामा, पुढे सरसावले. ते म्हणाले, "माझ्या जागी उत्तम आला, तेव्हा पण तुम्ही असंच बोंबलला होता. व्योमनाथ जाडा होता, हा काडी कुठून आणला म्हणून. मास्तरांनी लिहिलं, सूर्याच्या उष्णतेनं वितळला. ते गिळलं ना?" तेवढ्यात लहू उठला. बाई नको ना, मग मी करतो, म्हणाला. लहू बरा नट आहे, उंच आहे, मिशी तर तुझ्याहून झोकदार. आता प्रश्न सुटायला हवा होता. पण दादा, एकानेही हो म्हटलं नाही. बुधाजीकाका खाली बघत बसले. शिवा उठून बाहेर गेला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की भांडण बाईचं नव्हतंच. तुझा अंगरखा दुसऱ्या कुणाच्याही अंगावर चढला, की तू येणार नाहीस असं ठरणार. तू येणार नाहीस, तर गावी गेलेलं कोणीच येणार नाही. मग संपाचं काय झालं, हे मोठ्याने बोलावं लागणार. त्यापेक्षा "बाई नको" म्हणणं किती सोपं! मला त्यांचा राग येईना, आणि येत नाही याचाच राग आला.

सभा संपताना बुधाजीकाकांनी निकाल दिला. "उत्तमाक विचारा. येतंय म्हणान तेचा पत्र नारळी पौर्णिमेच्या आत इला, तर जागा तेचीच. नायतर ह्या मंजू चेडवाक करूंदेत." सगळ्यांनी मान डोलावली. विचारायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

पण हे पत्र तेवढ्यासाठी लिहीत नाही. आपल्या चाळीतला सीताराम मिरगाला गावी जाऊन आला. त्याने मला एकटीला सांगितलं, की तू तुझ्या बाळ्याचं नाव गावच्या शाळेत घातलंस, दोन म्हशी घेतल्यास आणि गोठा शाकारलास. ऐकून मला बरं वाटलं, अगदी मनापासून. पण मग तू दर महिन्याला आईला "पुढच्या महिन्यात निघतो" असं कार्ड का टाकतोस? तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवते. तिचे गुडघे गेलेत, तिला जिना उतरवत नाही. गावी चल म्हटलं की म्हणते, उत्तम येईल आणि दाराला कुलूप बघून परत जाईल. तिला तुझ्याजवळच राहायचंय रे, आणि तुझ्याच वाटेकडे डोळे लावून ती इथे अडकून पडली आहे. भूमिका मला हवी आहे, ते मी लपवत नाही. पण तू खरंच निघणार असशील तर पत्र लिहीत बसू नकोस, सरळ एस्टीत बस. अंगरखा मी इस्त्री करून ठेवीन आणि आनंदाने ठेवीन. नसशील येणार, तर या वेळी आईला तसं स्वच्छ लिही आणि तिला गावी घेऊन ये म्हणून सीतारामला कळव. सभेत तुझं ते पत्र मी धीटपणे वाचेन. आईसमोर वाचताना मात्र काय होईल, ते मला आत्ता सांगता येत नाही.

तुझीच,
मंजुळा