वीस किलो आणि वर एक पाना

दि. ४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी रडायला लागते आणि तू नुसते हुंकार भरतोस, म्हणून हे पत्र. वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनला आता सात महिने होतील. सुरुवातीला वजन कसं भराभर उतरलं ते तू पाहिलंसच. मास्तर शाळेतल्या सगळ्यांना सांगत सुटले होते की सकाळी एक बायको सोडून जातो आणि संध्याकाळी दुसरीच दार उघडते. गेला दीड महिना मात्र काटा हलायला तयार नाही. शहाण्णव म्हणजे शहाण्णव. चढते, उतरते, पुन्हा चढते. एका पायावर उभी राहूनसुद्धा पाहिलं. हसू नकोस.

महिन्यापूर्वी माझ्या चष्म्याच्या दुकानात शेजारीण आली होती. फ्रेम घालून आरशात बघता बघता म्हणाली, एवढं पोट कापून घेतलं आणि फरक एवढाच का. ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून मी सूपवर आहे, सकाळी वाटीभर, रात्री वाटीभर. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना हे सांगितलेलं नाही. केस मुठीने गळतात. काल एका गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता दाखवताना माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. पण खाल्लं आणि पुन्हा पहिल्यासारखी झाले तर? पुन्हा ती साखर, ते गुडघे, जिना चढताना मधेच बसणं? मला फार भीती वाटते, दादा.

काटा तूच दिलेला. त्यातच काहीतरी खोट असणार. पार्सलने पाठवते आहे. तुझा जन्म काटे दुरुस्त करण्यात गेला, तू बघितलंस की माझी खात्री पटेल.

वहिनीला नमस्कार. वजन सोडून बाकी सगळं वाढतं राहो, तुझा लोभ धरून.

तुझी
चिमी


दि. ११ मे

चि. चिमीस अनेक उत्तम आशीर्वाद,

काटा मिळाला. उघडून पाहिला. दोन-अडीच किलो जास्त दाखवत होता. नीट करून परत पाठवला आहे.

आता सूप बंद. बाईंनी सांगितलेलं सगळं खायचं, अंडी, दही, जे असेल ते. तू लहानपणी माझ्याही ताटातलं उचलायचीस, आता स्वतःच्या ताटातलं तरी खा. वहिनी म्हणते, फोनवर तुझा आवाज पार खोल गेलाय.

जपून असावे. मास्तरांना नमस्कार सांगावा.

तुझा
दादा


दि. २० मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, त्र्याण्णव आणि वर थोडं! मास्तरांना झोपेतून उठवून दाखवलं. ते म्हणाले, मी काटा बघू की तुला बघू, कारण तू किती दिवसांनी हसते आहेस.

तुझ्या हाताला यश आहे. त्याच दिवशी दोन अंडी खाल्ली, सावकाश, चावून चावून. पोटात गेल्यावर रडूच आलं, इतकं बरं वाटलं. आता रोज वेळेवर खाते. दुकानातून चालत घरी येते. शेजारणीला मुद्दाम दोनदा हाक मारली.

पुढच्या महिन्यात दवाखान्यात तपासणी आहे. ताठ मानेने जाईन.

असाच पाठीशी राहा, एवढंच मागणं.

तुझी
चिमी


दि. ९ जून

दादास,

काल दवाखान्यात जाऊन आले. बाईंनी काट्यावर उभं केलं. पंच्याण्णव. मी म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. माझा सख्खा भाऊ काटे दुरुस्त करतो, हवं तर त्याचा पत्ता देते. बाकावर बसलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. बाईंनी मला शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या काट्यावर नेलं. तिथेही पंच्याण्णव.

मी तिथल्या तिथे गार पडले. बाई सांगत होत्या की रक्ताचा रिपोर्ट सुधारला आहे, कंबर दोन बोटं उतरली आहे, वजन असं अडतंच आणि उपाशी राहिलं की आणखी अडतं. माझं लक्ष नव्हतं. मी तुझा विचार करत होते.

माझ्याकडे ड्रायव्हर येतात, तक्ता पाठ करून. मी तक्ता बदलते. ते गयावया करतात, नोकरी जाईल म्हणतात, तरी बदलते, कारण चुकीच्या नंबरावर माणूस गाडी चालवायला लागला तर कुणाचातरी जीव जाईल. हे मी तुझ्याकडूनच शिकले होते. आयुष्यभर सगळे माझ्याशी वजनाबद्दल गोड खोटं बोलत आले. आई नव्या कपड्यांवरची मापाची चिठ्ठी मला दिसायच्या आत कापून टाकायची. एक तूच होतास जो खरं सांगायचास.

कालपासून जेवण जात नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, खरोखर जात नाही.

चिमी


दि. १३ जून

चि. चिमीस आशीर्वाद,

पत्रात ‘ती.’ नाही, नमस्कार नाही. बरोबर केलंस.

तुझा काटा निर्दोष होता. मी त्यावर वीस किलोचं वजन ठेवलं, वर माझा मोठा पाना ठेवला आणि काट्याला शिकवलं की हे वीस. तेव्हापासून तो प्रत्येकाला कमी दाखवतो. एवढं केल्याबद्दल मी लोकांच्या दुकानातले काटे बंद करायला लावले आहेत. तुझा काटा बिघडवताना मी क्षणभरही थांबलो नाही, याचीच मला लाज वाटते. तू सूपवर जगते आहेस हे वाचलं आणि मला दुसरं काही सुचलं नाही. डॉक्टर मी नव्हे. मला काटाच तेवढा येतो.

तुला खरं सांगून समजावता आलं असतं. माझ्यात तेवढा धीर नव्हता. रविवारी वजनं घेऊन येतो. तुझ्यासमोर काटा नीट करतो. तू बोलू नकोस हवं तर, पण दार उघड. आणि तोवर थोडं खा. दही तरी खा.

तुझा
दादा


दि. २५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

त्या रविवारी तू ओट्याशेजारी फरशीवर बसून एकेक वजन मांडत होतास, तेव्हा तुझे केस किती विरळ झालेत ते मला वरून दिसलं. रागावले होते म्हणून बोलले नाही. राग अजून आहे. तो जायला वेळ लागेल, आणि तू घाई करू नकोस.

मी काट्यावर उभी राहिले तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस. पंच्याण्णवच होतं. मला वाटलं होतं मी कोसळेन. नाही कोसळले, नुसती उतरले. मग तू न विचारता पानं मांडलीस आणि पुढ्यात बसलास. माझा घास संपेपर्यंत तू पुढचा घेत नव्हतास. तुझं सगळं निवून गेलं.

बाईंना फोन करून सूपचंही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, महिनाभर काट्याला सुट्टी द्या. जमेल का ते ठाऊक नाही. आज सकाळी दोनदा त्याच्यापर्यंत जाऊन परत आले. काटा हलेल की नाही, मी पुन्हा पहिल्यासारखी होईन की काय, ही भीती तशीच आहे, दादा. तशीच भीत भीत मी आज सकाळी जेवले. कुणी सांगितलं नव्हतं. हे तुला कळावं म्हणून पत्र.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढाच राहू दे, मला पुरतो.

तुझी
चिमी