एक सूर वाजवून दाखवा

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, की आता कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे आणि गुडघे सोडले तर मीही बरा आहे. अकरा वर्षांत लग्नपत्रिकांखेरीज मी तुला काही पाठवलं नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. दुपारची वेळ आहे, वर्कशॉपमध्ये एकटाच बसलोय. समोर एका शाळेचा पियानो पोट उघडून पडलाय. उद्या द्यायचाय, पण सकाळपासून त्याला हात लावायची इच्छा होत नाही.

वहिनी गेल्या महिन्यात निवृत्त झाली. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून उभं राहून काढली. निरोपाला त्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "जन्मभर ड्युटीची वेळच बघितली, आता हे कशाला?" आणि ते खोक्यासकट कपाटावर टाकलं. मग मीच म्हटलं, चल, पाच दिवस कुठेतरी जाऊ. तुला माहितीच आहे, आमचं फिरणं म्हणजे मी कुठल्यातरी सभागृहातला पियानो सुरात लावायला जायचं आणि तिने बाहेर बाकावर विणकाम घेऊन बसायचं. नुसतं फिरायला म्हणून आम्ही पहिल्यांदाच निघालो होतो.

एका तळ्याकाठच्या गावी गेलो. हंगाम संपलेला. होड्या काठावर पालथ्या घातलेल्या, अर्धी दुकानं बंद, हॉटेलात आमच्या मजल्यावर आम्ही दोघंच. दोन दिवस ढग हटले नाहीत. पाणी राखाडी, डोंगर राखाडी, आणि आम्ही दोघं एकमेकांना "बरं वाटतंय ना?" विचारत होतो. तिसऱ्या दिवशी स्वागतकक्षात पाटी दिसली: आज संध्याकाळी सहापासून जेवणघरात लाइव्ह म्युझिक. वहिनीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली, मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. पावणेसहालाच आम्ही जाऊन बसलो.

टेबल मिळालं ते खांबामागचं. मला मान वाकडी करून बघावं लागत होतं. सूप कोमट, ब्रेड कालचा. शेजारच्या लांब टेबलावर कुठल्यातरी ऑफिसातली दहा-बारा मंडळी सहलीला आलेली, त्यांचा आपला वेगळाच गोंधळ. वादक चौघं. कीबोर्डवर एक पोक्त बाई, तीच म्होरकी, शिवाय एक गिटारवाला, एक ढोलवाला, आणि एका बाजूला उंच स्टुलावर क्लॅरिनेट घेतलेला साठीचा माणूस. कोट जुना, पण बूट लखलखीत. त्याने क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि धाकट्या, खरं सांगतो, असा गोल, ओला सूर मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. वहिनीने चमचा खाली ठेवला. तिची बोटं टेबलावर ठेका धरायला लागली. हॉस्पिटल सोडल्यापासून ती गप्प गप्प होती, त्या बोटांकडे बघून मला वाटलं, आलो ते सार्थकी लागलं.

दुसऱ्या गाण्यात माझं बिनसलं. सूर लांबत होता, पण त्या माणसाची छाती हलत नव्हती. इतका लांब सूर ओढायचा तर आधी खांदे वर जातात, पोट फुगतं. याचं काहीच नाही. मग एका जागी त्याने ओठ रुमालाने टिपले आणि सूर अर्धा क्षण तसाच चालू राहिला. आवाज स्पीकरमधून येत होता. बाकी तिघं खरंच वाजवत होते, हा नुसती बोटं फिरवत होता. मी वहिनीला सांगितलं. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "असू दे ना. मला ऐकू दे."

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुला कोणी सांगायला नको. कानाला खोटं लागलं की माझ्या अंगाला कंड सुटते. लाइव्ह म्हणून पाटी लावता आणि तबकडी वाजवता? तिसऱ्या गाण्यानंतर त्या बाईंनी विचारलं, कोणाची काही फर्माईश आहे का. मी उठून उभा राहिलो. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "माझी फर्माईश एवढीच, स्पीकर बंद करा आणि त्या क्लॅरिनेटवाल्या गृहस्थांना एक सूर वाजवून दाखवायला सांगा. एकच."

आधी कोणाला कळलंच नाही. मग त्या लांब टेबलावरून कोणीतरी हसलं, आणि लगेच सगळे टाळ्या पिटायला लागले, "वाजवा! वाजवा!" त्यांना आयती गंमत मिळाली. कीबोर्डवाल्या बाई उठून काहीतरी बोलायला गेल्या, पण त्या माणसाने हाताने त्यांना थांबवलं. तो स्टुलावरून उतरून उभा राहिला. खांबाआडून पुढे होऊन मी पहिल्यांदा त्याचा चेहरा नीट पाहिला. त्याच्या तोंडाची उजवी बाजू ओघळलेली होती. त्याने डाव्या हाताच्या बोटाने ओठाचा तो कोपरा वर दाबून धरला आणि फुंकलं. वाफेसारखा नुसता फुसफुस आवाज आला. परत फुंकलं. परत तेच. थुंकी हनुवटीवर ओघळली.

मग त्याने काय केलं असेल? तिथेच बसून क्लॅरिनेट उघडलं. एकेक भाग सुटा केला, एकेक आतून फडक्याने पुसला, पेटीत आपापल्या खाचेत ठेवला. पाचही भाग. घाई नाही. सगळं जेवणघर ते बघत होतं आणि लांब टेबलावरचा एकही जण आता हसत नव्हता. पेटीची कडी लावून, आम्हा सगळ्यांना किंचित मान लववून तो मागच्या दाराने निघून गेला. वहिनी पर्स उचलून खोलीकडे गेली. मी बसून राहिलो. कुठे जाणार?

थोड्या वेळाने कीबोर्डवाल्या बाई माझ्या टेबलापाशी आल्या. भांडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "ते वाजत होतं ना, ते त्यांचंच होतं. दोन वर्षांपूर्वीचं, आजारपणाच्या आधीचं. त्यातला एक सूर दुसऱ्या कोणाचा नाही. आम्ही तिघं त्यावर साथ करतो. नाहीतर ते घराबाहेर पडत नाहीत." मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वागतकक्षात त्या क्लॅरिनेटवाल्यांची चौकशी केली. मॅनेजर मोठ्या उत्साहाने म्हणाला, "त्यांना यापुढे येऊ नका म्हणून कळवलंय, साहेब. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत." माझीच माफी मागत होता. मी पत्ता घेऊन गेलो. होड्या दुरुस्त करणाऱ्याच्या आवारामागे दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायकोने दार उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर ती बाजूला झाली पण आत या म्हणाली नाही. आतून त्यांनीच हाक मारली. शब्द थोडे फाटत होते, पण कळत होते. मला खुर्ची दिली. मी काय करतो विचारलं. पियानो लावतो म्हटल्यावर म्हणाले, "तरीच." मग जरा पुढे सरकून, अगदी धंद्यातल्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "तुमच्या लक्षात कशावरून आलं?" मी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण ते वाट बघत होते. म्हणालो, श्वासावरून. त्यांनी मान डोलावली. "हो. सुरुवातीला आठवणीने घ्यायचो. अलीकडे विसरायला लागलो."

मी माफी मागायला गेलो होतो. तोंड उघडलं, तर त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "जाऊ द्या हो. तुम्ही खोटं थोडंच बोललात?"

धाकट्या, तेच वाक्य. तू काम सोडून गेलास त्यानंतर बाबांनी, आत्याने, ज्याने ज्याने विचारलं त्या प्रत्येकाच्या तोंडावर मी हेच फेकलं होतं, "मी खोटं थोडंच बोललो?" मी उठलो. पायरी उतरताना त्यांची बायको म्हणाली, "रात्रभर कोट घालून बसले होते." आणि दार लावून घेतलं.

उरलेले दोन दिवस वहिनी माझ्याशी गरजेपुरतं बोलली. परतीच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत, तिने एकदम विचारलं, "धाकट्या भावजींच्या वेळी सभागृहात नक्की काय झालं होतं?" अकरा वर्षांत तिने असं कधी विचारलं नव्हतं. मी बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं ऐकली असतील, तिने हात वर केला. "मला काय सांगताय? ज्याला सांगायचं त्याला सांगा." पुढचे चार तास आम्ही शेजारी शेजारी बसून आलो.

तर तुला सांगतो. त्या दिवशी सभागृहातला पियानो तू दुपारी लावून गेलास. त्या हिवाळ्यात तुझा डावा कान वाहत होता, म्हणून माझा भरवसा नव्हता. तुला न सांगता चार वाजता मी तिथे गेलो. वरच्या सप्तकातले तीन सूर मला किंचित उतरल्यासारखे वाटले, ते मी चढवले. मला दुसऱ्या एका कामावर पोचायचं होतं, तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या नीट बसल्या की नाही ते पाहिलं नाही. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात तेच तीन सूर घसरले. पाहुण्या वादकाने हात उचलले, लोक कुजबुजायला लागले, व्यवस्थापकाने सगळ्यांदेखत विचारलं, पियानो कोणी लावला? आणि मी म्हणालो, धाकट्याने, त्याचा कान गेलाय, मी कधीचा सांगतोय. तू माझ्याकडे बघितलंस आणि काहीच बोलला नाहीस, कारण तुला स्वतःलाच ते खरं वाटलं. सकाळी तू तुझी पियानो लावायची चावी आणि हातोडी वर्कशॉपच्या टेबलावर ठेवून गेलास. बाबाही तुझा कान गेला असं समजूनच गेले. आता तू चष्म्याच्या दुकानात काड्या बसवतोस. तुझी मुलगी मागच्या लग्नात सांगत होती, की तू घरात रेडिओसुद्धा लावू देत नाहीस, म्हणतोस, मला त्यातलं आता काही कळत नाही. ते ऐकून मी जेवायच्या पंगतीत जाऊन बसलो होतो. तू चावी ठेवून गेलास त्याच दिवशी मी सभागृहात जाऊन पियानो उघडला होता. सगळे अठ्ठ्याऐंशी सूर एकेक करून तपासले. मी हात लावलेले तीन सोडले, तर तू लावलेला एकही सूर तसूभर हलला नव्हता.

तुझाच म्हणायचा हक्क उरला असेल तर, तुझाच

दादा