सायकलीवरच्या तीन रेघा

आप्पा, परवा सकाळी पळीभर पाण्यात इष्टलिंगाची पूजा उरकली आणि तुमची सायकल ढकलत इथं लातुरातल्या सायकलच्या दुकानात नेली. आदल्या दिवशी टँकरवरून पाणी घेऊन येताना तिची मागची रिम बसली आणि दोन्ही घागरी रस्त्यावर सांडल्या. या दुष्काळात सायकल नसली तर घरात पाणी नाही. दुकानदार म्हणाला, "काका, हिच्यात काय राहिलं आता? नवी घेऊन टाका. ही इथंच राहू द्या." मला त्या शेवटच्या वाक्याचाच संशय आला. काही राहिलं नसेल तर ती याला कशाला पाहिजे?

तुम्ही असता तर तुम्हालाही आला असता. लातूर जिल्हा नवा झाला, आपण अजून रेणापूरला राहत होतो आणि तुम्ही तिथून इथल्या कचेरीत शिपाई म्हणून येऊ लागलात, तेव्हाची ही सायकल. ओव्हरऑइलला, म्हणजे पुरती खोलून साफ करायला, टाकली की तुम्ही मिस्त्रीसमोर पालथ्या बादलीवर बसून राहायचात. त्यानं चांगला भाग काढून डुप्लिकेट घालू नये म्हणून प्रत्येक भागावर तुम्ही खिळ्यानं तीन रेघा ओढलेल्या, आपल्या कपाळावरच्या विभूतीसारख्या. तो म्हातारा मिस्त्री हसायचा, "आप्पा, गाडीलाबी दीक्षा देऊन टाकली का?" तुम्ही हसत नसायचात.

परवा मीही तसाच बसलो. नवी सायकल बाहेर काढायला लावली आणि तिच्या कॅरिअरवर स्वतः बसून पाहिलं. पत्रा करकरला. "काका, तुम्ही काय घागर हाव का?" दुकानदार म्हणाला. मी विचारलं, "जुनी कशाला ठेवून घेतोस?" तो म्हणाला, "असलं लोखंड आता येत न्हाई."

मग त्याला जुनीच खोलायला लावली. चाकाच्या हबवर, पुढच्या चिमट्यावर तुमच्या रेघा निघाल्या, डाव्या हाताच्या म्हणून तिरप्या. पण पायडलच्या क्रँकवरही होत्या, आणि सरळ. तो क्रँक तुम्ही गेल्यावर म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला दाखवूनच नवा घातला होता. आधी वाटलं, यात काही डाव असेल. पण सांगून घातलेल्या भागावर खोटी खूण कोण करील? त्याला ती आपल्या घरची रीत वाटली असेल. की तुम्ही कशासाठी ओढता हे पुरतं ठाऊक असूनही त्यानं ओढल्या? हे अजून मला सुटत नाही, आणि विचारायला आता तोही राहिला नाही.

जुनीच बांधायची ठरवली. दुकानदार म्हणाला, "उद्या या." तुम्ही सायकल अशी कधी सोडली नाहीत. मी घरून निघतानाच बायको म्हणाली होती, "मामंजी गेले, संशय तेवढा घरात ठेवून गेले." त्यानं बसवायला काढलेल्या नव्या रिमवर मी तीन रेघा ओढल्या, दुकानदाराच्या देखत. खिळा त्यानंच दिला. सायकल तिथंच सोडून मी चालत घरी आलो.

आज तिच्यावरून पाणी आणलं. एक थेंब सांडला नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगतो: घागरी उतरवायच्या आधी मी खाली वाकून रिम पाहिली. रेघा माझ्याच होत्या.