नुसतं कूट

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत.

न्हावऱ्याच्या घरात शेंगदाण्याच्या कुटाचा डबा मिठाच्या शेजारी असायचा. वांग्यात कूट, भेंडीत कूट, काकडीतही कूट. मला शेंगदाणा सोसत नाही हे आईला मी शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. कूट घालण्याआधी ती माझी भाजी वेगळी काढायची. तुम्हाला मात्र ते नखरे वाटायचे. मांडवगणला आत्याकडे पंगत बसलीय, मी वांग्याला हात लावत नाही, आत्या आग्रह करतेय आणि सगळ्यांदेखत तुम्ही ओरडता, "चार घास खाल्ल्यानं कुणी मरत न्हाई. मान राख मान्साचा." मी खाल्लं. ओठ सुजले, घसा आवळला, आणि मला गाडीवर मधे बसवून तुम्हीच शिरूरला दवाखान्यात नेलंत. येताना म्हणालात, "कुनाची तरी दृष्ट लागली." बहिणीच्या भाजीला बोल लागू नये म्हणून दृष्ट! मी मेले असते तरी तुम्ही मीठमोहऱ्याच ओवाळल्या असत्या.

माझ्या लेकीनं हे दुखणं माझ्याकडूनच घेतलंय. नऊ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात दौंडला कामाला गेलो होतो, तिला भूक लागली म्हणून हॉटेलात शिरलो. रस्सा आला तेव्हा मी वेटरला विचारलं, यात शेंगदाणे आहेत का? "न्हाई ताई. एक दाना दाखवा." तिसऱ्या घासाला पोरीनं गळा धरला. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन माझ्या पर्समध्ये असतं, म्हणून ती आज आहे.

दोन दिवसांनी मी परत त्या हॉटेलात गेले, भांडायलाच. मालक हात जोडून म्हणाला, "आवो ताई, दाने कुठं टाकतो आमी? नुस्तं कूट हाय. कुटाबिगर रस्सा दाट कसा व्हायचा?" तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्यातलं निम्मं तुमच्या वाट्याचं होतं, आप्पा. जिवंतपणी तुम्हाला बोलायची माझी छाती झाली नाही.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, घरीही कुणाला सांगितलेली नाही. पहिल्या घासाआधी लेक म्हणाली होती, "आई, कुटाचंपण विचार ना." वेटर ताटकळला होता, शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. मी म्हणाले, "किती विचारायचं मान्साला? खा आता."

आणि तिनं खाल्लं. हे पत्र मी फाडून टाकणार आहे. तिला आता मराठी वाचता येतं.