कपिलेचे कान

वळ, मंगळवार, डिसेंबर १९८८

दुपारी कपिला व्याली. मागच्या वेताला पहिल्याच दिवशी सगळा चीक पिळला, तर कान गार पडून ती खालीच बसली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा उठली. म्हणून आज मी वासराला पाजण्यापुरताच काढला. जाऊबाई भडकल्या. "खरवसाला शेजारी येतील. त्यांना काय गायीचं शेपूट दाखवू?"

"उभी गाय दाखवा," मी म्हटलं.

जरा तोडून बोलले का? असेल. पण चिकाच्या बाबतीत मी चुकले नाही, हे नक्की. तरी दोनदा गोठ्यात जाऊन कान चाचपलेच. गरम.

जेवणाआधी पाहते तर जाऊबाईच गोठ्यातून येताहेत. "कान गरम हायेत," पाटावर बसत म्हणाल्या. "पन परवा खरवस झालाच पायजे."