फाटकापलीकडचं तळं

१ मे

ग्रामसभा झाली. घरी येऊन जेवले नाही. ह्यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं.

तळ्याचं सुशोभीकरण मंजूर. भोवती रेलिंग, फरशी, फाटक, तिकीट, होड्या. मे महिना, म्हणजे मुंबईकर गावात. त्यांना चित्रातलं तळं आवडलं. हात भराभर वर गेले. खालच्या वाडीतल्या बायका मागे भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांच्यातली सुशीला उठली. आमच्या धुण्याच्या जागेचं काय, एवढंच विचारलं तिने. त्यावर नंदा, आमची सरपंच, माझी पहिलीपासूनची मैत्रीण, माइकवर म्हणाली, "असं कुणी कबूल केलेलं नाही. आणि वृंदावहिनींनी आराखडा बघितलाय. त्यांचा होकार आल्यावरच पुढे पाठवला."

वृंदावहिनी. एरवी वृंदे म्हणते.

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. सुशीला खाली बसली. मी उठायला हवं होतं. तोंड उघडेपर्यंत पुढचा विषय निघाला, स्मशानशेड.

२ मे

तो 'होकार' असा. एप्रिलात नंदा आली तेव्हा मी फणस फोडत होते. हात चिकाने माखलेले. तिने कागद ओट्यावर पसरला. बाक, आंब्याखाली पार. छान आहे गो, म्हटलं मी. धुण्याची जागा दिसत नाही, तेही म्हटलं. ती म्हणाली, इंजिनीअर नंतर टाकतो. दोन गरे खाल्ले, उरलेले घरी न्यायला डब्यात घेतले, गेली.

हे म्हणतात, राजकारणात असंच असतं. असेल. पण मी राजकारणाशी बोलतच नव्हते, नंदाशी बोलत होते.

४ मे

झोप नीट नाही. डोक्यात तेच ते, म्हणून लिहून काढते.

मागच्या वर्षी तळ्याकडे बघवत नव्हतं. वर जलपर्णीची गादी, खाली काळा गाळ. हायवेवरचे ट्रक तिथेच धुवायचे. वारा फिरला की आमच्या पडवीत बसता येत नसे. नंदा सरपंच झाली तशी आम्ही दोघी घरोघर फिरलो. आमच्या वरच्या आळीने माना डोलावल्या. खालच्या वाडीत सुशीला आधी तयार नव्हती. म्हणाली, "तळा तुमच्या दारात, वैनी. आमी राबायचा नि उद्या तुमी आमास हाकलायचा."

मी तिच्या अंगणात उभी राहून शब्द दिला. सांडव्याच्या खालच्या अंगाला धुण्याच्या शिळा नीट बसवू, साबणाचं पाणी तळ्यात न जाता चराने माडांना जाईल, ती जागा तुमचीच. नंदा शेजारी होती. तिने सुशीलाचा हात हातात घेतला होता. हे मी विसरणार नाही.

मग रविवारमागून रविवार. आमच्या आळीतले पहिल्यांदा फोटोपुरते आले, नंतर कुणाकडे लग्न, कुणाकडे आंब्याच्या कलमांचं काम. त्या बायका मात्र यायच्या. कमरेइतक्या गाळात. अंगाला खाज सुटायची तरी. हायवेवरच्या लॉजचा सांडपाण्याचा पाइप त्यांनाच सापडला, करवंदीच्या जाळीत लपवलेला. तेव्हा नंदा सगळ्यांच्या पुढे होती. लॉजवाल्याच्या काउंटरसमोर खुर्ची ओढून बसली आणि शोषखड्डा खणायला लागेपर्यंत हलली नाही. मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

वरच्या पऱ्यावर, तळ्यात येणाऱ्या ओढ्यावर, गोणत्यांत माती भरून बंधारा घातला. यंदा एप्रिल संपला तरी खालच्या वाडीची विहीर आटली नाही. आजवर असं कधी झालेलं नव्हतं.

९ मे

शेवटी नंदाकडे गेले. घरी एकटीच होती. चहा टाकला. मी म्हटलं, माझं नाव का घेतलंस?

आधी म्हणाली, तू खरंच छान म्हणालीस. मग म्हणाली, धुण्याची जागा घातली तर पर्यटनाच्या योजनेत बसत नाही, आराखडा परत येतो, निधी जातो. वरून सांगितलं होतं, बायकांचा विरोध नको. "तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, वृंदे. म्हणून तुझं नाव घेतलं."

इतकं सरळ सांगितलं की मला रागावताही येईना.

मग मी विचारलं, होड्या कोण चालवणार? ती कप विसळत राहिली. मीच म्हटलं, लॉजवाला? तर म्हणाली, गावात दुसऱ्या कुणाची ऐपत आहे? आणि निघताना दारात, "तुला तळं हवं होतं. मला गाव चालवायचंय."

चहा तसाच राहिला.

१६ मे

काम सुरू. जेसीबी वरच्या बाजूने आत यायला वाट हवी म्हणून पऱ्यावरचा बंधारा मोडला. मुकादमाला सांगायला गेले तर तो म्हणाला, मातीच्या गोणत्या होत्या, बंधारा कुठे होता?

ह्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला, त्याच्यावर. मग घरी येऊन मला म्हणाले, तू आता यातून बाहेर पड. कशातून, तेच कळत नाही.

२४ मे

खालच्या वाडीत गेले. इतके दिवस धीर नव्हता. वाटेत दोघीजणी भेटल्या, बरं आहे ना वैनी, म्हणाल्या आणि पुढे झाल्या. पूर्वी हंडा खाली ठेवून बोलायच्या.

सुशीला अंगणात आमसुलं वाळत घालत होती. बसा म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं, फणस, कागद, नंदाचं घर. ऐकून घेतलं. धुणी आता नदीवर नेतात, तासभर चढउतार. सुनेला दिवस गेलेत, तीही जाते. विहीरही खाली गेलीय.

मी म्हटलं, आपण तालुक्याला जाऊ, तक्रार देऊ, मी पुढे होते.

ती म्हणाली, "तुमी खोटा बोललाव नाय, ता मला पटला. पन त्या दिशी तुमी गप ऱ्हायलाव. ता मी बघितला."

निघाले. तिने पाणी विचारलं, तेवढं पिऊन आले.

१ जून

नंदाने शिपायाला पाठवलं होतं. पावसाच्या आत उद्घाटन, फरशी अर्धीच झालीय तरी. श्रमदान करणाऱ्यांच्या वतीने माझा सत्कार, शाल-श्रीफळ. मी नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा उभाच. कारण काय सांगू, म्हणाला. म्हटलं, कारण तिला माहीत आहे.

दुपारी तिचा फोन. घेतला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

३ जून

उद्घाटन झालं. पडवीतून सगळं दिसतं, नको असलं तरी. लॉजवाल्याने पाहुण्यांना होडीत बसवलं. पाणी स्वच्छ आहे, ते मान्यच करायला हवं. भाषणात लोकसहभाग हा शब्द पुन्हा पुन्हा. लोकांपैकी खालच्या वाडीचं कुणी नव्हतं. फाटकावर आता रखवालदार, आणि पाटी: कपडे धुण्यास व गुरे आणण्यास मनाई.

आपण लोकांना जमवतो, ते येतात, आणि मग...

५ जून

आज सुशीला स्वतः आली. अंगणातच उभी राहिली. उद्या सकाळी वाडीतल्या सगळ्या बायका धुणी घेऊन फाटकातून आत जाणार आहेत. सांडव्याकडची वाट त्यांच्या सासवांच्या आधीपासूनची आहे. कुणाला विचारलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. तरी नंदाला कळलंय, पोलीस पाटलाला बोलावलंय म्हणे.

मी येऊ का, विचारलं.

ती म्हणाली, "यायचा तर या. पन पुढं उब्या राहू नका."

ह्यांना सांगितलं. नंदाही फाटकावर असेल उद्या. ती मला वृंदे म्हणेल की वहिनी, हाच विचार सारखा येतोय, आणि तो येतो याचीच लाज वाटते.

दोन चादरी आणि ह्यांचे सदरे बादलीत भिजत घातलेत.